'रोड', 'वे', 'स्ट्रीट', 'लेन': लेकरांना फरक कसा समजावायचा?

परभणीचे_गुरुजी

नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी आणि भाषांतर करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. शब्दकोशात 'रोड', 'वे', 'स्ट्रीट', 'लेन', 'पाथ' या सगळ्यांपुढं 'रस्ता' किंवा 'मार्ग' एवढंच लिहिलेलं असतं. लेकरं ते पाठ करतात आणि वाक्यात हमखास चुकतात. 'सर, वाटेत आहे' याचं 'आय ॲम इन द वे' होतं. 'मेटल्ड रोड' म्हणजे धातूचा रस्ता, 'ही हिट द रोड' म्हणजे तो रस्त्यावर आपटला, असे अर्थ उत्तरपत्रिकेत येतात.

मला तीन गोष्टी हव्यात. शब्दाशब्दातला फरक आपल्याकडच्या उदाहरणांनी कसा सांगायचा, शब्दयोगी अव्ययं कुठं कोणती लावायची, आणि वाक्प्रचारांपैकी कोणते शिकवणं खरंच उपयोगाचं आहे. नुसत्या याद्या नकोत, त्या गाईडमध्ये भरपूर आहेत.

---

मांजराकाठ

गुरुजी, आधी लेकरांना एक प्रश्न विचारायची सवय लावा: वाक्यात जमिनीवरची वस्तू आहे, का जाण्याची दिशा आहे? वस्तू असेल तर 'रोड', दिशा असेल तर 'वे'. 'एसटी स्टँडला कसं जायचं?' यात डांबराशी काही घेणंदेणं नाही, म्हणून 'व्हिच इज द वे टू द बस स्टँड'. रस्ता उखडलाय म्हणायचं असेल तर तिथं 'वे' चालत नाही, 'रोड'च लागतो. एवढं पक्कं झालं की निम्म्या चुका थांबतात.

'स्ट्रीट' म्हणजे वस्तीतला रस्ता, दोन्ही बाजूंनी घरं-दुकानं असलेला. लॅटिनमध्ये फरसबंदी वाटेला जो शब्द होता त्यातून तो आला. 'रोड'चं मूळ 'राइड'शी जुळतं, म्हणजे स्वारी करत जाणं. म्हणून गावाला गाव जोडतो तो 'रोड' आणि गावाच्या आत असतो तो 'स्ट्रीट'. हा भेद आता इंग्लंडातही कडक राहिलेला नाही, पण दोन गावांमधल्या माळरानावरच्या रस्त्याला कुणीही 'स्ट्रीट' म्हणणार नाही.

'लेन' शिकवायला आपल्याइतकं सोपं कुठंच नाही. मूळ अर्थ दोन कुंपणांमधली अरुंद वाट, म्हणजे थेट आपला पांदण रस्ता: दोन्हीकडं बाभळी-बोरी आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढी जागा. तीच अरुंदपणाची कल्पना शहरात गेली आणि गल्ली झाली, महामार्गावर गेली आणि वाहनांचा पट्टा झाली. समृद्धी महामार्गावर येता-जाता तीन-तीन लेन आहेत, तिथं 'लेन'चा अर्थ गल्ली नाही हे सांगावं लागतं.

आता आपल्याकडच्या नावांची गंमत. लातुरात औसा रोड, परभणीत जिंतूर रोड, संभाजीनगरात जालना रोड. जिकडं जातो त्या गावाचं नाव रस्त्याला द्यायची रीत इंग्रजीतही आहे, फक्त 'द'मुळं अर्थ बदलतो. 'औसा रोड' हे विशेषनाम, पत्त्यात लिहायचं, त्याला 'द' नाही. 'द औसा रोड' म्हणजे औशाला जाणारा रस्ता, मग त्याचं नाव काहीही असो.

शब्दयोगी अव्ययांसाठी 'वे'च्या तीन जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. 'ऑन द वे' म्हणजे वाटेत आहे, येतोय. 'इन द वे' म्हणजे आडवा आलाय, अडथळा झालाय. 'बाय द वे' म्हणजे बरं आठवलं, ओघानं सांगतो. फोनवर 'आय ॲम इन द वे' म्हणणारा खरं तर 'मी तुमच्या आडवा येतोय' म्हणत असतो. हे एकदा कळलं की लेकरू विसरत नाही.

'रोड'चं असं: गाडी रस्त्यावर असते ती 'ऑन', पण खड्डा रस्त्यात असतो तो 'इन'. मराठीतही आपण 'रस्त्यावर गाडी' आणि 'रस्त्यात खड्डा' असंच म्हणतो, त्यामुळं इथं मराठीच्या मागं गेलं तरी चालतं. प्रवासाचं साधन सांगताना 'बाय रोड', मध्ये 'द' नाही. रस्त्यापलीकडचं दुकान 'अक्रॉस द रोड'. पत्ता सांगताना घर क्रमांक असेल तर 'ॲट', नुसतं रस्त्याचं नाव असेल तर 'ऑन'. 'स्ट्रीट'ला ब्रिटिश माणूस 'इन' लावतो आणि अमेरिकन 'ऑन'. परीक्षेत दोन्ही बरोबर धरावेत.

---

साईडपट्टी

मांजराकाठ यांनी भाषेचं सांगितलं, मी कामावरच्या शब्दांचं सांगतो. टेंडरचं, बातमीचं किंवा पाटीचं भाषांतर करताना इथंच घोटाळे होतात.

'मेटल' पहिलं घ्या. इथं त्याचा अर्थ फोडलेली खडी. मूळ शब्दाचा अर्थ खाण, आणि खाणीतून धातू निघतो तसा दगडही निघतो. 'मेटल्ड रोड' म्हणजे खडीचा पक्का रस्ता, 'अनमेटल्ड' म्हणजे माती-मुरमाचा. गावागावात 'डब्ल्यूबीएम झालं, डांबर राहिलं' असं म्हणतात, त्यातला 'एम' हे माणसाचं नाव आहे. जॉन लाउडन मॅकॅडम, स्कॉटलंडचा, 1756 ते 1836. कोनदार बारीक फोडलेली खडी दाबून बसवली की ती एकमेकांत अडकते आणि भार पेलते, ही त्याची पद्धत. वॉटर बाउंड मॅकॅडममध्ये, म्हणजे डब्ल्यूबीएममध्ये, खडी पसरून रोलर फिरवतात, मग पाणी मारत मुरूम किंवा बारीक चुरा फटींत भरतात. दाबून झालेला एक थर साधारण 75 मिलिमीटरचा. पाणी न मारता नुसता वरून मुरूम टाकला तर फटी पोकळ राहतात आणि पहिल्याच पावसात खडी सुटते.

'टारमॅक'ही त्याच नावातून आलाय: 'टार' अधिक मॅकॅडम. एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्यानं 1902 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मात्र 'टार' आणि 'बिट्युमेन' दोन्हींना आपण 'डांबर' म्हणतो, आणि ते एक नाहीत. टार दगडी कोळशापासून निघतो, बिट्युमेन खनिज तेलापासून. आजचे रस्ते बिट्युमेनचे आहेत. तांत्रिक कागदात 'डांबर'साठी 'टार' लिहिलं तर ते चूक धरा.

'पेव्हमेंट' सगळ्यात धोक्याचा. ब्रिटिश माणसाला तो फूटपाथ, अमेरिकन माणसाला गाड्या चालतात तो पृष्ठभाग, आणि अभियंत्याला खालच्या थरापासून वरच्या डांबरापर्यंतचा सगळा रस्ता. 'वॉक ऑन द पेव्हमेंट' ही सूचना देशाप्रमाणे उलटी होते. उलट आपण ज्याला फूटपाथ म्हणतो तो शब्द इंग्लंडात शेताशिवारातल्या पाऊलवाटेला वापरतात. अमेरिकेत फूटपाथला 'साइडवॉक'.

'कॅरेजवे' म्हणजे वाहनं चालायची रुंदी, एका पदरी रस्त्याला 3.75 मीटर आणि दुपदरीला 7 मीटर. त्याच्या कडेची साईडपट्टी म्हणजे 'शोल्डर', तिला 'खांदा' असं भाषांतर करू नका. आपल्या काळ्या मातीत पहिला दगा इथंच होतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. साईडपट्टी मुरमाची, दाबलेली आणि बाहेरच्या बाजूला उतार असलेली नसेल तर पाणी कडेनं आत शिरतं आणि डांबराला रस्त्याच्या लांबीत भेग जाते. ती भेग 'क्रॅक'. भेगेतून पाणी जाऊन खडी सुटली की 'पॉटहोल'. जड गाड्यांच्या चाकाखाली पट्टा खचून नाळी पडली की 'रट'. बातमीत तिन्हींना 'खड्डे' म्हणतात, पण दुरुस्ती तिन्हींची वेगळी असते. भेग भरतात, खड्डा चौकोनी कापून मोकळं काढून भरतात, आणि रट पडली असेल तर खालचे थर तपासावे लागतात. 'पॉटहोल'चा भूगोलातला अर्थही लेकरांना सांगा: नदीच्या खडकात गोट्यांनी घासून झालेला रांजणखळगा. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत ते.

ओढ्यावरचं बांधकाम: एकूण लांबी 6 मीटरपर्यंत असेल तर 'कल्व्हर्ट', म्हणजे मोरी. 6 ते 60 मीटर 'मायनर ब्रिज', त्यापुढं 'मेजर'. पुरात पाणी वरून जातं त्या फरशी पुलाला आपल्या बांधकाम खात्यात 'कॉजवे' म्हणतात, पण इंग्लंडच्या वाचकाला 'कॉजवे' म्हटलं की दलदलीतून किंवा पाण्यातून उंच भराव घालून नेलेला रस्ता दिसतो. त्याच्यासाठी लिहायचं असेल तर 'सबमर्सिबल ब्रिज' लिहा.

'स्पीड ब्रेकर' हा भारतातला शब्द. बाहेर 'स्पीड हंप' किंवा 'स्पीड बंप'. हंप पसरट असतो, आपल्याकडच्या मानकात 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरनं जाता येईल असा. बंप अरुंद आणि धक्का देणारा. गावात लोक स्वतः टाकतात ते बहुतेक बंप असतात आणि कंबरेची हाडं तेच खिळखिळी करतात. तसंच 'डिव्हायडर' ब्रिटिश इंग्रजीत 'सेंट्रल रिझर्व्हेशन', अमेरिकेत 'मीडियन'. आपल्या बातम्यांतला 'गेव्ह अ डॅश' तर कुठंच चालत नाही, सरळ 'हिट' किंवा 'रॅन इंटू' लिहा.

वळणाचंही थोडं. रस्ता स्वतः वळतो तो 'बेंड', दुसऱ्या रस्त्याला लागायची जागा ती 'टर्निंग', दोन रस्त्यांचा कोपरा तो 'कॉर्नर'. कन्नडच्या औट्रम घाटात आहेत ते 'बेंड', तिथं 'टर्निंग' म्हटलं तर परका ड्रायव्हर फाटा शोधत बसेल.

---

गोदाकाठची_भाषांतरकार

वाक्प्रचारांचं मी घेते. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांचं चित्र आपल्या भाषेतही आहे ते आधी शिकवा, आणि जिथं चित्र सारखं पण अर्थ वेगळा, तिथं सर्वात जास्त वेळ द्या.

चित्रासकट जुळणारे: साईडपट्टी दादांनी 'रट' सांगितला, तो म्हणजे आपली चाकोरी. 'स्टक इन अ रट' म्हणजे चाकोरीत अडकलेला, अक्षरशः तोच शब्द, बैलगाडीच्या चाकाची खाच. 'बीटन ट्रॅक' म्हणजे मळलेली वाट, आणि 'ऑफ द बीटन ट्रॅक' म्हणजे आडवाटेचं. 'मिडल ऑफ द रोड' म्हणजे मध्यममार्गी. 'ॲट अ क्रॉसरोड्स' म्हणजे निर्णयाच्या चौकात उभा. यात शेवटी 'स' असला तरी आधी 'अ' लागतो, ते चुकतं.

फसवणारे: मराठीत 'रस्त्यावर येणं' म्हणजे कंगाल होणं. इंग्रजीत 'ऑन द रोड' म्हणजे फिरतीवर असणं, त्यात दारिद्र्याचा लवलेश नाही. आपल्या अर्थासाठी 'आउट ऑन द स्ट्रीट'. 'रस्त्यावर उतरणं' आंदोलनाच्या अर्थानं असेल तर 'टेक टू द स्ट्रीट्स', अनेकवचनीच. 'रास्ता रोको'ला 'रोड ब्लॉकेड' म्हणा. 'रोडब्लॉक' म्हणजे पोलिसांची नाकाबंदी, किंवा लाक्षणिक अर्थानं कामातला अडसर. 'वाट लागली' याला इंग्रजीत रस्त्याचा कुठलाच वाक्प्रचार नाही, 'इट इज रुइन्ड' एवढंच. 'एंड ऑफ द रोड' म्हणजे आता पुढं काही उरलं नाही, सगळं संपलं. ते वाट लागण्यापेक्षा शांत आणि अंतिम आहे.

'हिट द रोड' म्हणजे निघणं, प्रवासाला लागणं. एरवी 'हिट'नंतर खांब, झाड, माणूस आलं तर धडक.

'किक द कॅन डाउन द रोड' मला फार आवडतो. डबा लाथ मारून पुढं ढकलायचा, पोचलो की पुन्हा ढकलायचा. आपलं भिजत घोंगडं. इथं चित्र अजिबात जुळत नाही, पण अर्थ नेमका जुळतो, म्हणून भाषांतरात बेधडक वापरावं.

'टर्न द कॉर्नर' आणि 'कट कॉर्नर्स' शेजारी शिकवा. पहिला म्हणजे वाईट काळ सरला, आता सुधारणा. दुसरा म्हणजे पैसे-वेळ वाचवण्यासाठी कामात कमी करणं. पाणी न मारता केलेलं डब्ल्यूबीएम हे त्याचं चोख उदाहरण.

'माइलस्टोन' आणि 'मिलस्टोन' यांच्या स्पेलिंगकडं लक्ष द्या. पहिला मैलाचा दगड, दुसरा जात्याचा किंवा गिरणीचा दगड. 'मिलस्टोन राउंड हिज नेक' म्हणजे गळ्यातलं लोढणं. शुभेच्छापत्रात एक अक्षर चुकलं तर अभिनंदनाची नाचक्की होते.

---

परभणीचे_गुरुजी

फार उपयोगाचं लिहिलंत, तिघांचेही आभार. दोन शंका. 'टू-वे स्ट्रीट'साठी 'टाळी एका हातानं वाजत नाही' चालेल का? आणि 'राइट ऑफ वे'चं काय करायचं? वाहतुकीच्या धड्यात एक अर्थ आहे आणि शेतरस्त्याच्या बातमीत दुसराच.

---

बांधावरून

'राइट ऑफ वे'ला तीन अर्थ आहेत. वाहतुकीत: आधी जायचा हक्क, म्हणजे प्राधान्य. अभियंत्यांकडं: रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीची हद्दीपासून हद्दीपर्यंतची रुंदी, डांबराची नव्हे. महसुलात: दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क, आपली वहिवाट.

तिसऱ्यातही दोन प्रकार आहेत आणि बातमीदार ते एकत्र करतात. रस्ता नव्यानं मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143, यात बांधावरून वाट देता येते. रस्ता आधीपासून होता आणि कुणी नांगरला किंवा काटेरी कुंपण घालून अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, आणि तिथं अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज लागतो. दोन्ही तहसीलदारांपुढंच चालतात, म्हणून गल्लत होते. इंग्रजी लिहिताना पहिल्याला 'ग्रँट ऑफ अ राइट ऑफ वे' आणि दुसऱ्याला 'रिमूव्हल ऑफ ऑब्स्ट्रक्शन' लिहिलं की वाचणाऱ्याला प्रकरण कळतं.

---

गोदाकाठची_भाषांतरकार

गुरुजी, टाळीची म्हण तिथं नको. ती बहुतेक भांडणात दोघांचाही दोष दाखवायला येते. 'टू-वे स्ट्रीट' म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून हवं, त्यात दोष नाही. 'रिस्पेक्ट इज अ टू-वे स्ट्रीट' याचं मी 'मान द्यावा तेव्हा मान मिळतो' असं करेन. टाळीच्या म्हणीला इंग्रजीत 'इट टेक्स टू टू मेक अ क्वारल' आहे, त्यात रस्ता कुठंच नाही.