प्रति: कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग ब्लॉकेज कसं?

दादा, तुम्ही विचारलंय की कोलेस्टेरॉल नॉर्मल असून ब्लॉकेज कसं, आमच्या भुसावळच्या मामांचं सेम झालं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२ आणि अँजिओग्राफीत ८० टक्के ब्लॉक, आम्ही आपले भरीत-पुरीला दोष देत बसलो. पण नुसती चरबी नाही हो, ती धमनीच्या भिंतीत शिरली की पांढऱ्या पेशी धावतात, ती गिळून फुगतात आणि इंटरल्युकिन-१ बीटासारखे सिग्नल सोडतात, मग अजून पेशी येतात, सूज धुमसत राहते, त्या चरबीच्या थरावरचं कवच फाटलं की रक्ताची गुठळी. २०१७ च्या कँटोस नावाच्या ट्रायलमधे कॅनाकिनुमॅब हे औषध देऊन हाच सिग्नल अडवला, एलडीएल तसंच राहिलं तरी १५० मिग्रॅ डोसला अटॅक, स्ट्रोक वगैरे १५ टक्क्यांनी कमी! पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, तेव्हा मनाने काही घेऊ नका, चालू गोळीही सोडू नका.