‘एमपीपीटी’ छापलेले हलके डबे: स्वस्त माल की फसवणूक?

माळावरचा
हजार रुपयांच्या आत ‘३० अँपिअर एमपीपीटी’ असं छापलेले सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारे डबे) सर्रास विकले जातात. छोटा डिस्प्ले, तीन बटणं, दोन यूएसबी. उघडून पाहिलं तर चार्जिंगच्या वाटेवर कॉइलच नाही. एमपीपीटी पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज खाली आणतो आणि त्या बदल्यात करंट वाढवतो. ते काम जाड तांब्याच्या कॉइलशिवाय होत नाही. या डब्यात सापडते ती यूएसबीच्या ५ व्होल्टसाठीची बारकी कॉइल. म्हणजे आतला माल साधा पीडब्ल्यूएम, पॅनल नुसता बॅटरीला जोडत-तोडत चार्ज करणारा.

नुकसान केवढं? ६० सेलचा २५० वॉटचा पॅनल घ्या. कामाचं व्होल्टेज ३० च्या आसपास, करंट सव्वाआठ अँपिअर. पीडब्ल्यूएममधून १२ व्होल्टच्या बॅटरीत तेवढेच सव्वाआठ जातात, म्हणजे जेमतेम ११० वॉट. खऱ्या एमपीपीटीतून १७-१८ अँपिअर जायला हवेत. अर्ध्याहून जास्त पॅनलचे पैसे पाण्यात. याला मी फसवणूकच म्हणतो आणि विकणाऱ्यालाही जबाबदार धरतो.

वऱ्हाडी वायरमन
असहमत. खेड्यात अजून ३६ सेलचे ‘१२ व्होल्टचे’ पॅनल भरपूर आहेत. त्यांचं व्होल्टेज १८. मे महिन्यात आमच्याकडे पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतो, तेव्हा ते १५ वर येतं. बॅटरी १४ ला चार्ज होत असेल तर एमपीपीटीला कमावायला उरतंच किती? दोन बल्ब आणि मोबाइलसाठी चार-पाच हजारांचा कंट्रोलर गळ्यात मारणं मला पटत नाही. स्वस्त डब्यावर चालणारी घरं मी रोज बघतो.

माळावरचा
३६ सेलबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथे पीडब्ल्यूएमच घ्यावा. पण मग डब्यावर पीडब्ल्यूएम लिहा ना! गरीब गिऱ्हाइकाला खोटं लेबल चालेल, हे कुठून आलं?

जुनी तार
नवख्यांसाठी एक सांगते. वजनावर जाऊ नका. हलका डबा संशयास्पद खरा, पण जड वाटावा म्हणून आत लोखंडी पट्टी बसवलेले नमुनेही असतात. दुकानात उघडूही देत नाहीत. साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी थोडी उतरलेली हवी, ऊन कडक हवं आणि पॅनल ६० सेलचा. चार्जिंग चालू असताना पॅनलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १३-१४ दिसलं तर पीडब्ल्यूएम, कारण तो पॅनलला ओढून बॅटरीच्या पातळीवर आणतो. २५ ते ३० वर टिकलं तर एमपीपीटी. बॅटरी भरलेली असताना मोजाल तर आकडा फसवेल. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) पॅनलकडचा आणि बॅटरीकडचा करंट बघणं आणखी चांगलं, पण तो डीसी मोजणारा हवा. बरेचसे फक्त एसी मोजतात.

सावंतवाडीकर
दोघेही लेबलात अडकलात. मला राग आहे तो बॅटरी मारणाऱ्या डब्यांचा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंशांना १४.४ व्होल्ट ठीक. पण तापमान वाढलं की दर अंशाला १८ ते ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४० अंशांच्या खोलीत ते १४ ते १४.१ च्या आसपास यायला हवं. या डब्यांत एकतर सेन्सर नसतो, किंवा डब्याच्या आतच असतो आणि डब्याचीच गरमी मोजतो. बॅटरीपर्यंत जाणारी सेन्सरची वायर आहे का, हे आधी बघा. शिवाय ‘३० अँपिअर’ लिहिलेल्या डब्याच्या टर्मिनलमध्ये ६ स्क्वेअर मिलिमीटरची वायर शिरत नसेल तर तो आकडा मानू नका. डब्यावर थोडे पैसे वाचवून दहा-बारा हजारांची ट्युब्युलर बॅटरी घालवायची, हा कसला स्वस्त व्यवहार?

वऱ्हाडी वायरमन
टर्मिनलचं शंभर टक्के मान्य. वितळलेली टर्मिनलं मीही बदलून दिली आहेत. ३० चा डबा मी १० अँपिअरच्या वर लावत नाही. पण दुकानदाराला जबाबदार धरणं अन्याय आहे. त्याच्याकडे सीलबंद खोका येतो, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

माळावरचा
माहीत नसेल तर बिलावर ‘एमपीपीटी’ लिहून द्यायला तो कचरतो का? मागून बघा. जो लिहून देतो त्याच्याकडून घ्या आणि वर सांगितलेली चाचणी लगेच करा. खोटं निघालं तर बिल हाताशी असतं. दर्जाबद्दल खोटं सांगून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

वऱ्हाडी वायरमन
आठवडी बाजारात बिल कोण देतं? तिथे माझ्यासारख्यानेच गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं की हा पीडब्ल्यूएम आहे, ६० सेलचा पॅनल याला लावू नका. मी तेवढं सांगतो. डबा मात्र विकायला बंदी नको.

जुनी तार
तुम्ही सांगता, बाकीचे सांगतात का?