हेल्मेटखाली क्षौर केलेलं डोकं गरम कसं ठेवायचं?

लाँगफेलोहून, सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांना माहीत आहे, डिसेंबरात बाबा गेले. मी नाशिकलाच होतो, दहाव्याला रामकुंडावर क्षौर केलं, तेरावा झाला आणि दोन दिवसांत अमेरिकेत, मिनियापोलिसला परत आलो. ज्यांनी फोन केले, दाराशी डबे ठेवून गेले, त्या सगळ्यांना अजून नीट उत्तर दिलेलं नाही, देईन.

आता विचारायचं ते. मी सहा वर्षं ऑफिसला सायकलनेच जातो, हिवाळ्यातसुद्धा, मिडटाऊन ग्रीनवे या सायकलमार्गावरून अपटाऊन भागापर्यंत, बर्फात साधारण अर्धा तास लागतो. आतापर्यंत डोक्यावर दाट केस होते त्यामुळे कानांवर एक पातळ पट्टी घेतली की भागायचं, वरच्या डोक्याचा कधी विचारच केला नव्हता. गेल्या गुरुवारी तसाच निघालो, बाहेर शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सिअस, आणि हायावाथा रस्त्यावरच्या साबो ब्रिज या सायकलपुलावर चढलो तर समोरून वारा, तो हेल्मेटच्या प्रत्येक भोकातून थेट कातडीवर, कुठे कुठे भोक आहे ते न बघता सांगता आलं असतं. पूल उतरेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, ऑफिसात पोचल्यावरही कपाळ दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी माकडटोपी घातली. ही आईने बाबांसाठी विणली होती, निघताना माझ्या बॅगेत ठेवली. चांगली जाड लोकर आहे, वर गोंडा. पण हेल्मेट त्यावर बसतच नाही, मागची माप बदलायची चकती पूर्ण सैल केली तरी वर तरंगतं आणि मान वळवली की एका बाजूला सरकतं. शेवटी अर्ध्या वाटेत उतरून सायकल ढकलत नेली.

आपल्यात ज्यांना मुळातच केस नाहीत आणि थंडीत सायकल चालवतात ते काय करतात? गाडी ने असं कृपया सांगू नका, सकाळचा तो अर्धा तास सध्या मला खरंच हवा आहे.

सेंट लुईस पार्कहून, सोमवार दुपार

अरे, बाबांचं कळलं होतं, फोन करायचं राहून गेलं, माफ कर. गाडी ने असं मी कोणालाच सांगणार नाही.

माझं डोकं पस्तिशीपासून पूर्ण टक्कल, या गावातले वीसेक हिवाळे त्यावर काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माकडटोपी. ती हेल्मेटखाली नको, अजिबात नको. हेल्मेटच्या आतला तो पांढरा फोम आपटल्यावर चेपतो आणि धक्का स्वतःत घेतो, पण त्यासाठी हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, सपाट आणि घट्ट बसलेलं हवं. जाड लोकर मध्ये आली की ते आज बसल्यासारखं वाटतं आणि पडताना नेमकं मागे सरकून कपाळ उघडं टाकतं. गोंड्यावर तर हेल्मेट टेकून राहतं, बसत नाही. तू उतरून ढकलत नेलीस ते बरोबर केलंस.

हेल्मेटखाली पातळच टोपी लागते. मी मेरिनो लोकरीची घालतो, टीशर्टच्या कापडाइतकीच जाड, डोक्याला चिकटून बसणारी, पुढे भुवयांपर्यंत आणि बाजूला पूर्ण कान झाकणारी. आपल्याला वाटतं एवढ्या पातळ कापडाने काय होणार, पण केस जे काम करतात तेच ही करते, कातडीला लागून हवेचा एक थर धरून ठेवते. शिवाय केस घामही धरतात हे तुला आता कळेल, केस नसले की घाम थेट डोळ्यांत उतरतो. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सुती टोपी घेऊ नकोस, सुती एकदा भिजली की सिग्नलला थांबल्यावर डोक्यावर गार फडकं ठेवल्यासारखं होतं. टोपीवर जाड शिवण असेल तर उलटी करून घाल, नव्याने भादरलेल्या डोक्याला हेल्मेटच्या दाबाखाली शिवण फार टोचते, हे दुकानात कळत नाही, तीन मैलांनंतर कळतं.

पण टोपी हा अर्धाच भाग झाला. वारा बाहेरच अडवायला हवा. हेल्मेटवर चढवायचं पावसाळी कव्हर मिळतं, ते चढवलंस की भोकं बंद. १५ फॅरनहाइटच्या वर मी ते काढून ठेवतो, नाहीतर घाम फार येतो.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. तुझे केस गेले म्हणजे तुझ्या डोक्याचं माप बदललं. आधीच्या मापावर ठेवलेलं हेल्मेट आता सैल असणार. टोपी घालून, तिच्यावर हेल्मेट घालून, मग चकती आवळ आणि हनुवटीचे पट्टे नव्याने लाव, पट्ट्यांचा व्ही बरोबर कानाखाली यायला हवा. चष्म्याच्या काड्या टोपीच्या वरून घे, आतून घेतल्यास तर कानामागे ठणका लागतो.

आईची टोपी बॅगेत वर ठेव, तळाशी नको. पोचल्यावर हेल्मेट काढतोस, डोकं दमट असतं आणि कुलूप लावायला पाच मिनिटं लागतात, तो वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा पातळ टोपी काढून ती घाल.

माझ्याकडे दोन टोप्या आहेत, एक तू ने. उद्या संध्याकाळी घरी ये, जेवूनच जा.

ब्लूमिंग्टनहून, सोमवार रात्र

काकांनी छान लिहिलंय, मी फक्त नर्स म्हणून दोन-चार गोष्टी घालते.

शून्य फॅरनहाइटला ताशी १५ मैलांचा वारा असेल तर अंगाला ते उणे १९ फॅरनहाइटसारखं लागतं, आणि अशा हवेत उघडी कातडी ३० मिनिटांत गोठू शकते, इथल्या हवामान खात्याच्या तक्त्यातच आहे. तुझा रस्ता नेमका अर्ध्या तासाचा. आणि वारा पडलेला असला तरी तू ताशी १२ मैलांनी चाललास की तेवढ्याच वेगाचा वारा तू स्वतःच तयार करतोस.

अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सगळे सांगतात, ते खरं नाही, डोक्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. पण बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडीत जशा आवळतात तशा टाळूच्या फारशा आवळत नाहीत, त्यामुळे उघडं डोकं उष्णता सोडतच राहतं. आणि कपाळ-चेहरा थंडीला फार हळवे, म्हणून तुला एवढं दुखलं.

कानांकडे लक्ष ठेव. कानाची पाळी पांढरट, मेणासारखी दिसली किंवा बधिर झाली तर आत जा, आणि चोळू नको! आपल्याकडे लगेच चोळायची सवय असते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं धर, गरम नको.

आणि एक, आई तेल चोळ म्हणाल्या असतील. रात्री चोळ, इथल्या हीटरने टाळू कोरडी पडते त्यासाठी खोबरेल चांगलंच. पण तेल किंवा क्रीम लावून गोठण्यापासून बचाव होत नाही, नुसता ऊब आल्याचा भास होतो, म्हणून निघताना त्याच्या भरवशावर राहू नको.

जेवण नीट चाललंय ना तुझं?

युनिव्हर्सिटीजवळून, मंगळवार सकाळ

दादा, कव्हर येईपर्यंत हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप हेल्मेटवर बाहेरून चढवा, मी दोन वर्षं तेच करतोय. भोकांना चिकटपट्टी मात्र लावू नका, गोंदाने हेल्मेटचं प्लास्टिक खराब होऊ शकतं म्हणतात.

स्कीइंगचं हेल्मेट गरम असतं खरं, पण ते वेगळ्या मानकाचं असतं. घेणार असाल तर आत सायकलचं सीपीएससी (अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं) लेबल आहे का बघा, काहींवर दोन्ही असतात.

लाँगफेलोहून, शुक्रवार रात्र

काका, ताई, आणि शॉवर कॅपवाल्या मित्रा,

तीन दिवस जाऊन आलो. बुधवारी उणे ४ फॅरनहाइट होतं. काकांची टोपी उलटी करून, वर शॉवर कॅप. चकती खरंच तीन घरं आवळावी लागली, म्हणजे त्या पहिल्या गुरुवारी मी सैल हेल्मेट घालूनच पुलावर गेलो होतो, हे कळून आता जरा धसकाच बसला.

साबो ब्रिजवर वारा तसाच होता पण डोक्यापर्यंत आला नाही, फक्त शॉवर कॅप फडफडत होती. गालांना लागला, त्यासाठी आता मफलरऐवजी गळ्यातलं नळीसारखं मिळतं ते घेतो, मफलरचं टोक चाकात जाईल अशी भीती वाटते. पूल उतरून पुढे ग्रीनवे खाली जातो तिथे एकदम शांत. तो चर १९१२ ते १९१६ मध्ये आगगाडी रस्त्यांच्या खालून नेण्यासाठी खणलाय, रोज जातो पण वाऱ्याला तो किती अडवतो हे मला केस गेल्यावर कळलं. वरून गाड्या जातात, खाली नुसता टायरखालच्या बर्फाचा आवाज. बाबांना तो रस्ता आवडला होता, ते आले होते तेव्हा जून होता.

ऑफिसच्या दाराशी कुलूप लावताना माकडटोपी घातली. आत नेपथॅलीनच्या गोळ्यांचा वास आहे अजून. ती धुवायची नाही असं ठरवलंय, निदान केस येईपर्यंत तरी. महिन्याला सेंटिमीटरभर म्हणजे मार्च संपता संपता थोडे दिसायला लागतील.

ताई, जेवतोय. आईला व्हिडिओवर टोपी दाखवली, तिने कान झाकलेत का तेवढंच विचारलं.

काका, तुमची टोपी थंड पाण्यात धुवायची ना? रविवारी परत आणतो, येताना चितळ्यांची बाकरवडी आणतो, नाशिकहून आणलेलं एक पाकीट अजून फोडलेलं नाही.