इटालियन मार्बलचा सोस कशाला?

गिरगावकर: आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या माहितीपत्रकात दिवाणखान्याला 'इटालियन मार्बल' आहे म्हणे, आणि अर्धी चाळ तेवढ्यावरच सह्या करायला निघाली आहे! कॉर्पस फंडाचं, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डर देतो त्या ठेवीचं, कुणी विचारतही नाही. मकराणा, कोटा, कडप्पा, दक्षिणेतला ग्रॅनाइट घरात असताना दगड बोटीतून कशाला आणायचा? आजीच्या खोलीतली शहाबादी अजून थंडगार आहे.

बोरीबंदर: अहो, मुंबईत परदेशी माल काही आजचा नाही. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकातलं, त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडला. क्रॉफर्ड मार्केटच्या फरशा स्कॉटलंडमधल्या केथनेसच्या. फ्लोरा फाउंटन इंग्लंडमधल्या पोर्टलँड दगडाचं. आणि तुमच्या चाळीचे खांब? बर्मा टीकच असणार, म्हणजे ब्रह्मदेशी सागवान. तेव्हा रंगून चाललं, मग आता इटलीचं वावडं का?

गिरगावकर: ब्रह्मदेश १९३७पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, त्यामुळे ते खांब स्वदेशी धरा. क्रॉफर्ड मार्केटच्या फरशा सांगितल्यात, भिंती नाही सांगितल्या. त्या कुर्ल्याच्या दगडाच्या, मध्ये वसईचा तांबडा. आणि वॉटसनचा काही भाग २००५ साली कोसळला, तेही सांगा की.

बोरीबंदर: तो विलायती लोखंडामुळे नाही, देखभाल न केल्यामुळे. तुमच्या देशी चाळीलाही टेकू लागलेत ना?

गिरगावकर: लागलेत. म्हणून तर पुनर्विकास.

जुना फरशीवाला: तीस वर्षं फरश्या बसवतोय, म्हणून बोलतो. संगमरवर मकराण्याचा असो की इटलीचा, लिंबू, चिंच, कोकम सांडलं की चमक गेलीच. त्यात इटालियन नाजूक. लादीला मागून जाळी चिकटवलेली असते, ती उगाच नाही. खाली पांढरं सिमेंट वापरलं नाही तर डाग वर येतात, मग पॉलिशवाल्याचे फेरे. आमटी-भात खाणाऱ्या घरात ग्रॅनाइट बरा. तरी एक विचारतो, माहितीपत्रकात नुसतं 'इटालियन मार्बल' आहे की पुढे 'फिनिश' लिहिलंय?

गिरगावकर: थांबा, बघतो... आहे. खाली, बारीक अक्षरात.

जुना फरशीवाला: मग तो दगडच नाही, संगमरवरासारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल, भट्टीत भाजलेली. बहुतेक गुजरातेतल्या मोरबीची.

बोरीबंदर: घ्या, स्वदेशीच निघाली! करा सही.

गिरगावकर: आता अख्खं माहितीपत्रक भिंग घेऊन वाचतो.