वळिवड्याच्या कॅम्पातले पोलिश लोक नेमके कुणाला भिऊन आले होते?

रंकाळा_चौपाटी:
मंडळी एक शंका. काल पोराला घेऊन महावीर गार्डनला गेलो होतो, तिथं दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिलेल्या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे तो बघून पोरगं विचारायला लागलं हे कोण, म्हटलं हिटलरपासून पळून आलेले लोक, कोल्हापूरनं आसरा दिला. व्हॉट्सॲपवर पण तसंच फिरतं. पण मग पोलंडातनं जर्मनी ओलांडून इकडं कसे आले ओ? नकाशा बघितला तर काय डोक्यात बसंना.

पंचगंगा_काठ:
भावा हिटलर न्हवं, स्टॅलिन. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडचे दोन तुकडे झाले, पश्चिमेकडनं जर्मनी आणि 17 तारखेला पूर्वेकडनं रशिया घुसला. पूर्वेकडच्या लोकांना सोव्हिएत सरकारनं 10 फेब्रुवारी 1940 पासनं उचलायला सुरुवात केली, पहिल्यांदा कोण तर फॉरेस्ट गार्ड आणि जमिनी मिळालेले माजी सैनिक, बायकापोरांसकट. रात्री दार वाजवायचं, थोडा वेळ द्यायचा, काय घ्यायचं ते घ्या, की जनावरांच्या डब्यात कोंबून सैबेरिया नाहीतर कझाकस्तान. एप्रिलात ज्यांचे बाप-नवरे आधीच पकडलेले त्यांच्या घरच्यांचा नंबर. 1941 ला हिटलर रशियावरच उलटला तेव्हा स्टॅलिननं यांना ‘माफी’ दिली. गुन्हा काय केलावता ते विचारू नका. मग इराणमार्गे 1942 ला बाहेर पडले आणि 1943 पासनं आपल्याकडं, पाचेक हजार, बहुतेक बायका आणि पोरं, कारण पुरुष फौजेत नाहीतर मेलेले.

करवीर_नाका:
पण याला काही जण अल्पसंख्याकांचा छळ म्हणतात, ते कसं? पोलंडात पोलिशच जास्त की.

पंचगंगा_काठ:
देशात जास्त, पण त्या पूर्व पट्ट्यात बऱ्याच जिल्ह्यांत युक्रेनियन आणि बेलारूशियन जास्त होते. त्यात नोव्हेंबर 1939 ला रशियानं सगळ्यांना सोव्हिएत नागरिक करून टाकलं, म्हणजे कागदावर एका रात्रीत अल्पसंख्याक. आणि रशियात आधीपासनं राहणाऱ्या पोलिश लोकांचं तर त्याच्याआधीच झालेलं, 1937-38 ला हेर म्हणून 1 लाख 11 हजारांना गोळ्या घातल्या. हां, उचललेल्यांत ज्यू आणि युक्रेनियन पण होते हे खरं, आणि आकड्यावर अजून भांडणं आहेत, सोव्हिएत कागद सव्वातीन लाखाच्या आसपास सांगतात, जुने पोलिश अंदाज दहा लाखाच्या वर.

गांधीनगर_कापडवाला:
1948 ला कॅम्प रिकामा झाला तिथं आम्ही सिंधी आलो. ते लोक घरी का गेले नाहीत म्हणाल तर घरच उरलं नव्हतं, युद्धानंतर तो भाग रशियाकडंच राहिला, मग बरेच जण इंग्लंडला गेले. आमचे आजोबा सांगायचे, बराकीतल्या आमच्या खोलीच्या चौकटीवर चाकूनं कोरलेलं कायतरी होतं. त्यांना सिंधी-उर्दू यायचं, ते काय वाचता आलं नाही. पुढं घर बांधताना चौकट फोडून चुलीत गेली.

रंकाळा_चौपाटी:
च्यायला. पोराला आज संध्याकाळी परत सांगायला पायजे, काल चुकीचं सांगितलंय.