बाबूजी संघाचे, बुयांव विलीनीकरणाच्या विरोधातले: हे निवेदनातून गाळायचं का?

अंत्रुजकार

फोंड्याजवळच्या आमच्या गावात १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, देवळाच्या अग्रशाळेत गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा निवेदन माझ्याकडे होतं. सुधीर फडक्यांची, म्हणजे आपल्या बाबूजींची, तीन गाणी आणि शेवटी उल्हास बुयांवांचं 'गोंयच्या म्हज्या गोंयकारांनो'. मी निवेदनात दोन वाक्यं लिहिली होती. एक: बाबूजी संघाचे स्वयंसेवक होते आणि १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात स्वतः उतरले होते. दुसरं: बुयांवांनी हे गाणं गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या जनमत कौलाच्या वेळी, विलीनीकरणाच्या विरोधातल्या प्रचारात गावोगाव गायलं. समितीच्या बैठकीत माझा कागद हातोहात फिरला आणि परत आला तेव्हा दोन्ही वाक्यं निळ्या पेनाने खोडलेली होती. समासात एवढंच लिहिलं होतं, 'राजकारण नको'.

मी तसंच वाचलं. पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

बाबूजी तेव्हा पस्तिशीचे, नाव झालेले संगीतकार. असा माणूस बाजाची पेटी ठेवून पोर्तुगिजांच्या चौकीवर चालून जाणाऱ्यांत का जातो? ज्या विचारात तो वाढला तो विचार सांगितल्याशिवाय याचं उत्तर मिळतच नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये नगर हवेली मुक्त झाली आणि १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. मधे आठ महिने. माणूस तोच, गळाही तोच. पुढे गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत पडले होते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जी धडपड झाली तिच्यातही बाबूजी होते. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. आपण गोवेकर म्हणून बाबूजींचे ऋणी आहोत, आणि ते कशाच्या बळावर उभे होते हे सांगायला घाबरतो!

बुयांवांचंही तसंच. ते गाणं काही कोजागिरीसाठी बांधलेलं नव्हतं. १६ जानेवारी १९६७ ला मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूच्या फुलाला १,३८,१७० आणि विरोधातल्या दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्या फरकात त्या आवाजाचा वाटा किती, हे कोणी मोजलेलं नाही. पण ज्यांनी तो प्रचार पाहिला ते आजही पहिली आठवण त्या गाण्याचीच काढतात.

या माणसांनी आपली बाजू कधी लपवली नाही. त्यांचा गळा आपण घ्यायचा आणि त्यांची श्रद्धा दाराबाहेर ठेवायची, हा मला त्यांचा अपमान वाटतो. आणि माझं स्वतःचं मत सांगतो, म्हणजे कोणाला शंका नको: मी ना संघाचा, ना विलीनीकरणाच्या विरोधातला. आमचं घर विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, मगोचं, भाऊसाहेब बांदोडकरांचं.

पेडण्याची माई

अंत्रुजकार बाब, तुमचं तळमळून लिहिलेलं वाचलं. तरी मला तुमच्या समितीचं बरोबर वाटतं. का ते सांगते.

१९६७ साली मी सात वर्षांची. वडील पक्के मगोवाले, सिंहाचं निशाण आमच्या ओसरीवर लावलेलं असायचं. काका मडगावात नोकरीला, त्यांना विलीनीकरण नको होतं. मतदानाच्या आदल्या रात्री दोघांचं जे वाजलं ते वाड्यावर सगळ्यांनी ऐकलं. वडिलांनी फुलावर शिक्का मारला, काकांनी दोन पानांवर. त्या वर्षीच्या चवथीला मूळ घरात गणपती एकच, पण रांधप दोन चुलींवर झालं. आईने आणि काकीने गणपतीवर टांगायची फळांची माटोळी मिळून बांधली, एक शब्द न बोलता. एकीने दोरी धरायची, दुसरीने तोरींग बांधायचं. ते मी समोर बसून पाहिलेलं आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी रेडिओवर बुयांवांचं ते गाणं लागायचं. पहिल्यांदा लागलं तेव्हा वडील उठून अंगणात गेले. मग कधीतरी बसून राहायला लागले. शेवटी शेवटी आरामखुर्चीत मान खाली घालून पूर्ण ऐकायचे. काका वारले त्या वर्षी त्यांनी मला ते गाणं पुन्हा लाव म्हणून सांगितलं होतं.

कोणी निवेदक दर वेळी माइकवर 'हे गाणं तुमच्या विरोधात होतं' असं सांगत राहिला असता, तर वडील अंगणातून कधी आत आले असते? गाण्याला माणसांपर्यंत पोचायला वेळ लागतो. तुम्ही इतिहास जरूर लिहा, पुस्तकात लिहा, वर्तमानपत्रात लिहा. पण अग्रशाळेत समोर बसलेल्या माणसांच्या घरात काय घडलंय ते तुम्हाला माहीत नाही.

सासष्टीचो दर्या

माईंचं वाचून गलबलून आलं. पण मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे, आणि तो अंत्रुजकारांच्या वाक्यांबद्दल आहे. वाक्यं ठेवायचीच असतील तर ती पुरी हवीत.

दादरा मुक्त केलं ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी, जुलै १९५४ मध्ये. नगर हवेलीत आझाद गोमंतक दल होतं, संघाचे स्वयंसेवक होते, कम्युनिस्टांचेही गट होते. 'बाबूजी संघाचे आणि त्यांनी नगर हवेली मुक्त केली' असं ऐकलं की श्रोता घरी काय घेऊन जातो? की ते काम एकट्या संघाचं. बाबूजींना मोठं करताना आझाद गोमंतक दलाची पोरं पुसली जातात. रानडे त्याच दलाचे.

दुसरं, बाजू आणि पक्ष यांत आपण गोंधळ करतो. विलीनीकरणाला विरोध म्हणजे युनायटेड गोवन्स पार्टी, असं तेव्हाही नव्हतं. जॅक सिक्वेरांचा पक्ष पुढे होता हे खरं. पण विरोधाची धार ज्या पेपरातून रोज निघायची तो 'राष्ट्रमत' मराठी दैनिक! संपादक चंद्रकांत केणी, त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' लिहायचे, तेही मराठीतून. फुलाच्या बाजूचा मराठी माणूस दोन पानांवाल्यांचं मराठी वाचून दिवसभर चिडायचा. असं गुंतलेलं प्रकरण दोन ओळींत तुम्ही कसं सांगणार? मोडकं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

मडगावचो फिरकीपटू

कलाकारांचं तुम्ही ठरवा. खेळाडूंच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पक्ष मैदानाबाहेर. आमच्या मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजात ६४२ धावा काढल्या, किंग्स्टनला २१२. त्यांनी मत कोणाला दिलं हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही, वाटणारही नाही.

आणि ज्यांनी पक्ष धरले त्यांचं काय झालं बघा. पतौडींसारखा कर्णधार १९७१ ला विशाल हरियाणा पक्षाकडून गुडगावला उभा राहिला, पडला. १९९१ ला काँग्रेसकडून भोपाळला, पुन्हा पडला. याला निष्ठा म्हणायचं? आपल्याकडे तर अगदी डोळ्यांदेखत घडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिअँडर पेस गोव्यात येऊन तृणमूलमध्ये दाखल झाले. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवलेल्या संघातले. घराण्याबद्दल मला अपार आदर. पण निवडणूक चार महिन्यांवर असताना घातलेली उपरण्याची घडी त्यांच्या चरित्रात कशाला हवी? फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत त्या पक्षाची एकही जागा आली नाही. अटलांटाचं कांस्यपदक राहील, ते उपरणं कोणाला आठवणार नाही. मला स्वतःला ते आठवलं की वाईट वाटतं.

दादरवरून परतलेला

फिरकीपटू, तुमच्याच पठडीतल्या गोलंदाजाचं उदाहरण देतो. डावखुरी फिरकी टाकणारे पळवणकर बाळू. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखायला होते, तिथे साहेबांना गोलंदाजी करायचे. चांभार म्हणून त्यांना चहा तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही १९२३ ला.

आता याच बाळूंनी १९३२ मध्ये पुणे करारावर सही केली, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले ते साक्षात डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. हरले. तरुण आंबेडकरांना ज्या खेळाडूचा अभिमान वाटत होता, तोच समोर उभा. 'पक्ष मैदानाबाहेर' म्हणून हे गाळलंत तर बाळूंची निम्मी कहाणी गेली. मातीच्या भांड्यातला चहा सांगायचा आणि १९३७ सांगायचं नाही? दोन्ही एकाच प्रश्नाची टोकं आहेत. त्यांनी काँग्रेस का निवडली, गांधींवर विश्वास का ठेवला, यावर मी तरुणपणी रात्र रात्र वाद घातलेत. माझ्या मते ते चुकले. पण ती चूक त्यांची आहे, त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार नाही.

पतौडींचं वेगळं, लिअँडरचं वेगळं. तिकीट मिळवणं आणि पक्षासाठी काही गमावणं यांत फरक आहे. किशोरकुमारने आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाला नकार दिला आणि १९७६ च्या मे महिन्यापासून त्याची गाणी आकाशवाणीवर बंद झाली. तो कोणत्या पक्षाचा होता? कोणत्याच नाही. तरी ही गोष्ट त्याच्या चरित्रातून कोण काढेल?

काणकोणची शिक्षिका

निळू फुले आणि दादा कोंडके, दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले. निळूभाऊ आयुष्यभर समाजवादी राहिले. दादा पुढे शिवसेनेकडे झुकले. १९७१ ला 'सोंगाड्या' लावायला दादरचं कोहिनूर मिळेना, तेव्हा शिवसैनिक उभे राहिले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी शाळेच्या नाट्यशिबिरात दोघांबद्दल सांगते, हे सगळं धरून. मुलांना ते कळतं. त्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की मग दोघांची मैत्री राहिली का? मोठ्या माणसांनाच राजकारणाची भीती वाटते.

गदिमा काँग्रेसच्या राजवटीत विधान परिषदेवर होते आणि बाबूजी संघाचे. गीतरामायण दोघांचं मिळून. हे वाक्य अंत्रुजकारांनी निवेदनात घातलं असतं तर कदाचित समितीचं पेन तिथे अडखळलं असतं.

मडगावचो फिरकीपटू

बाळूंचं उदाहरण बिनतोड. खेळाडूच्या खेळाशी आणि जगण्याशी जे बांधलेलं आहे ते सांगावं, एवढं मान्य करतो. निवडणुकीपुरत्या उपरण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

अंत्रुजकार

सगळ्यांचं दोनदा वाचलं. दर्याबाबांनी दाखवलेली चूक माझी आहे. माझ्या वाक्यात आझाद गोमंतक दल नव्हतं, आणि रानड्यांचं नाव घेऊन मी त्यांच्या दलाचं नाव घेतलं नाही, याची लाज वाटली. ते दुरुस्त करतो. पण 'मोडकं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं' हे मला पटत नाही. मोडकं असेल तर जोडून सांगू. गाळलं की पुढच्या पिढीला जोडायलाही काही उरत नाही. आमच्या गावातल्या कॉलेजातल्या एका मुलाने कार्यक्रमानंतर मला विचारलं, 'हे कोंकणी गाणं मुक्तिलढ्यातलं का?' त्याला वाटलं ते पोर्तुगिजांविरुद्धचं गाणं आहे! तिथे मी हललो. वाक्य खोडल्याने भांडण मिटलं नाही, गाण्याचाच अर्थ बदलला.

माई, तुमच्या वडिलांबद्दल मी काय बोलू? एकच विचारतो. त्यांना ते गाणं कोणत्या बाजूचं हे पुरेपूर ठाऊक होतं. म्हणूनच ते आधी अंगणात गेले आणि म्हणूनच पुढे त्यांचं बसून ऐकणं इतकं मोठं झालं. ठाऊक नसतं तर ते नुसतं एक गाणं राहिलं असतं, नाही का?

पेडण्याची माई

ठाऊक होतं, खरं आहे. पण त्यांना ते कोणी भर सभेत ऐकवलं नव्हतं, त्यांचं त्यांना ठाऊक होतं. माझं म्हणणं अजून तेच आहे, तरी त्या कॉलेजच्या मुलाचं वाचून मीही थबकले. माझ्या नातवालाही चवथीला दोन चुली का होत्या ते मी कधी सांगितलेलं नाही.

एक करा. पुढच्या वर्षी ते वाक्य ठेवणार असाल तर गाण्याच्या आधी वाचू नका. गाणं पुरं होऊ द्या, टाळ्या थांबू द्या, मग सांगा. आणि फुलाच्या बाजूने ज्यांनी जीव तोडून काम केलं त्यांच्याबद्दलही एक ओळ असू द्या. १९ डिसेंबरला मी फोंड्याला बहिणीकडे असते, अग्रशाळा मला माहीत आहे.