सागाचा लाँगबो तुटला. पुढचा कशाचा करू? (फक्त हाताची अवजारं आहेत)

रानवाट
नमस्कार मंडळी. गेले तीन महिने दर रविवारी गच्चीवर बसून लाकडी धनुष्य करतोय. इंग्लिश लाँगबो असतो ना, माणसाच्या उंचीचा, एकाच काठीतून काढलेला, तसा. मशीन एकही नाही, करवत, रंधा, पटाशी, दोन कानशी आणि फुटक्या काचेचे तुकडे एवढ्यावरच चाललंय. वखारीतून सागाची चांगली सरळ दिसणारी फळी आणली, लांबी सहा फूट, मुठीजवळ सव्वा इंच आणि टोकांकडे अर्धा इंच ठेवली, पाठ (ओढणाऱ्यापासून लांबची बाहेरची बाजू) रंध्याने एकदम सपाट गुळगुळीत केली. दोरी लावून रोज थोडं थोडं ओढत होतो, २४ इंचापर्यंत आलो आणि काडकन् आवाज झाला, वरचा लिम्ब (मुठीच्या वरचा वाकणारा अर्धा भाग) मुठीपासून वीतभर अंतरावर गेला. तुटलेली जागा तिरकी आहे, बोरू छाटल्यासारखी, आणि पाठीकडून हातभर लांब कुसळ उठलंय. खालचा लिम्ब मात्र अजून जवळपास सरळच आहे. त्या दिवशी फार वाईट वाटलं, तीन महिने गेले हो. आता विचारायचंय ते हे की साग चुकला की मी चुकलो? आणि इंग्लिश लाँगबो ज्या झाडाचे करायचे ते यूचं लाकूड आपल्याकडे मिळतं का, बाहेरून मागवायचं का?

करवत_कानस
भाऊ, वाईट वाटणारच, पण ते तुकडे टाकू नकोस. तू जे लिहिलंयस त्यातच निम्मं उत्तर आहे. तुकडा उन्हात धर आणि कडेवरून बघ, लाकडाच्या रेषा मुठीकडून निघून तिरक्या जात जात पाठीतून बाहेर पडलेल्या दिसतील, आणि तुटलंय नेमकं त्याच रेषेवर. वखारीतली फळी करवतीने सरळ कापलेली असते, झाड काही सरळ वाढलेलं नसतं. वरून सरळ दिसते पण आत रेषा कापल्या गेलेल्या असतात. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची आतली बाजू, दाबलं जातं, ताण सगळा पाठीवरच्या तंतूंवर. तो तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड पाहिजे. तू रंध्याने पाठ सपाट केलीस तिथेच आणखी कापला गेला. जुने कारागीर पाठीला हत्यार शक्यतो लावतच नव्हते, सालीखालचा एकच थर अख्खा ठेवायचे आणि सगळी तासणी पोटाकडून करायचे. म्हणून पुढच्या वेळी फळी नको, ओंडका आण आणि पाचर ठोकून फाड. लाकूड स्वतःच्या रेषेने फाटतं, वाकडं फाटलं तर वाकडं, तशाच वाकड्या काठीचं धनुष्य कर, चालतं.

दुसरी गोष्ट. खालचा लिम्ब सरळ राहिला म्हणतोस, म्हणजे सगळं वाकणं वरचा एकटाच करत होता. रेषा चांगल्या असत्या तरी तो दमलाच असता. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो हे पक्कं लक्षात ठेव, जाडी फक्त १० टक्के कमी केलीस तर ताठपणा साधारण २७ टक्के कमी होतो. रुंदी १० टक्के कमी केली तर फक्त १० टक्के. म्हणजे पोटावर कानशीचे पाच हात जास्त पडले की तिथे बिजागरी तयार झालीच.

यूचं म्हणशील तर त्याच्या मागे लागू नकोस. हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, थुनेर म्हणतात तिकडे, कॅन्सरच्या औषधासाठी त्याची साल इतकी काढली गेली की झाड दुर्मिळ झालंय. आणि इंग्रजांना तरी घरचं लाकूड कुठे पुरत होतं, १४७२ मध्ये त्यांनी कायदाच केला होता की बंदरात येणाऱ्या जहाजाने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. मेरी रोज हे त्यांचं लढाऊ जहाज १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं, त्यात १३७ अख्खी धनुष्यं मिळाली, सगळी यूची, पण ती त्यांची गोष्ट. आपण आपल्या मातीतलं बघावं.

सातपुड्याचा
माझं गाव धडगावकडचं. आमच्याकडे पावरा आणि भिल्ल घरांत तिरकामठा अजून भिंतीवर टांगलेला असतो आणि तो बांबूचाच. नुसती काठीच नाही, दोरीच्या जागी पण बांबूचीच चिवट पट्टी, दोन्ही टोकांना बांधलेली. लहानपणी आजोबांकडे बघत बसायचो, हत्यार म्हणजे एक कोयता आणि एक सुरी, बस. ते मधेमधे थांबायचे आणि कामठा गुडघ्यावर दाबून एक डोळा बारीक करून बघायचे, काही न बोलता परत दोन ढलप्या काढायचे, परत बघायचे. अर्धा वेळ बघण्यातच जायचा. तुम्ही टिलरिंग म्हणता, दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत बघत बघत तासणं, ते हेच असावं.

माझं म्हणणं पहिलं धनुष्य बांबूचं करा. मानवेल जातीचा बांबू घ्या, बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांच्या वरचा, थंडीत तोडलेला घ्या, पावसाळ्यात तोडलेल्याला कीड फार लवकर लागते. बाहेरची चकचकीत साल म्हणजे तुमची पाठ, तिला अजिबात हात लावू नका, पेरांच्या गाठी उंच वाटल्या तरी सपाट करू नका, तिथूनच उकलतं. सगळं आतून काढा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे कुणाच्या बांधावरचा त्यांना विचारून आणला तर कटकट नाही.

दमट_हवा
बांबू उत्तमच, पण ज्याला एका लाकडाचा लाँगबोच करायचाय त्याला धामणीच्या झाडाचं नाव कुणीच कसं सांगितलं नाही? संस्कृतात धामणीला धन्वन म्हणतात, नावातच धनुष्य आहे. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी हिच्याच करतात कारण वाकते आणि परत येते. मी कोकणात राहतो, माझी दोन धनुष्यं धामणीची आहेत.

मात्र वाळवण्यात घाई केली तर धामणही काही करू शकत नाही. ओल्या लाकडाचं धनुष्य तुटत नाही, ते वाकडंच राहतं, दोरी काढली तरी सरळ होत नाही. माझं पहिलं तसंच झालं, जूनमध्ये केलं, ऑगस्टपर्यंत दोन इंच वाकून बसलं आणि बाणाला जोरच उरला नाही. आता मी फाडलेली काठी किराण्याच्या काट्यावर तोलतो आणि वजन भिंतीवर पेन्सिलीने लिहितो. आठवडाभर आकडा हलला नाही की मगच कानस लावायची. पावसाळ्यात आकडा उलटा चढतो, तेव्हा काम बंद.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता तुकडा उन्हात धरून बघितला, करवत_कानस दादा, रेषा अगदी तुम्ही म्हणालात तशाच पाठीतून बाहेर पडल्यात, कुसळ बरोब्बर तिथूनच उठलंय. मामाच्या शेतात मागच्या आठवड्यात वादळाने धामणीची मोठी फांदी पडलीये, मांडीएवढी जाड, ती मागून घेतो. दोन शंका. ओढायचं किती आणि कधी हे ठरवायचं कसं? आणि धनुष्याचं वजन, म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर, किती ठेवू?

करवत_कानस
पहिल्याला ३५ पौंड पुष्कळ, म्हणजे साधारण १६ किलो. स्प्रिंगकाटा दोरीला अडकव आणि एक नियम कर की काटा १६ च्या पुढे कधीच जाऊ द्यायचा नाही, धनुष्य पूर्ण ओढलेलं असो की अर्धं. दहा इंचावरच १६ दाखवत असेल तर तिथेच थांब, खरवड, मग अकरा इंच. तू बहुतेक ताठ लिम्ब जोर लावून वाकवायला बघत होतास. आधी भिंतीला खुंटी मारून धनुष्य तिच्यावर मुठीपाशी आडवं ठेव, सैल लांब दोरी खालून ओढ आणि लांब उभा राहून बघ, कुठला भाग वाकत नाहीये. फक्त तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तेवढंच खरवड. कानशीने नाही, काचेने, भुगा नाही तर पातळ साल निघाली पाहिजे. प्रत्येक वेळी खरवडल्यावर वीस-तीस वेळा हलकं ओढायचं, लाकडाला कळायला वेळ लागतो, लगेच आकार दाखवत नाही. दोरी कायमची चढवायची ती दोन्ही लिम्ब सारखे वाकायला लागल्यावरच. आणि बाण न लावता ओढून सोडायचं नाही, कधीच नाही, कुणी पाहुण्याने हातात घेतलं तरी आधी हे सांग.

दमट_हवा
रानवाट, फांदी पडून आठवडा झाला म्हणतोस तर आधी मामांना फोन कर. दोन्ही कापलेल्या टोकांना आजच ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण लावायला सांग, आणि सावलीत उचलून ठेवायला सांग. टोकाकडून पाणी फार झपाट्याने जातं आणि चिरा पडत आत येतात, दोन दिवस उन्हात पडली तर दोन्हीकडची फूटफूट वाया जाईल. आणि फांदीची वरची बाजू कुठली होती त्यावर खडूने खूण करून घे, पाठ त्याच बाजूची काढ, खालच्या बाजूपेक्षा ताण चांगला घेते.